सर्दीत पसंत केलेली गाडी

नाक पार चोंदलेलं असताना मी झाईला जाऊन, सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशीची जुनी डिझेल गाडी पसंत केली. वास येतो का ते बघ, असं तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा बघितलं आणि दोन्ही वेळा नाही म्हणालो.

एवढं एकदा सांगून टाकलं की बाकीचं सांगायला सोपं जातं.

गाडी हवी होती ती बायकोसाठी. डहाणूत तिला सगळे 'बाई' म्हणतात. भाजीवाला म्हणतो, बँकेतला शिपाई म्हणतो, ज्यांच्या मिशा आता पिकायला लागल्यात असे तिचे जुने विद्यार्थीही म्हणतात. मीही बाईच म्हणतो. तोंडावर 'तू' असतं, पण पाठीमागे बोलताना आपोआप 'त्या' येतं, आणि ते कधी आवरावंसंही वाटलं नाही. तर बाईंची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, आणि त्या मे महिन्यात त्यांना मुख्याध्यापिकेची बढती आली. शाळा तलासरी तालुक्यात, उधव्याच्याही पुढे, एका पाड्यावर. याआधी एकदा अशीच बढती आली होती. तेव्हा गाव फारच लांबचं मिळालं म्हणून बाईंनी नकार कळवला, आणि मग त्यांच्या मागून नोकरीला लागलेल्या दोघी-तिघी खुर्चीत जाऊन बसल्या. बाई त्यांच्या सत्काराला नारळ घेऊन गेल्या, हसतमुखाने परत आल्या आणि त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही. आता नोकरीची शेवटची थोडीच वर्षं उरली होती. पुन्हा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा कोणी विचारायला येणार नव्हतं. हो की नाही, ते सोमवारी ऑफिसला कळवायचं होतं.

अडचण होती ती जाण्यायेण्याची. डहाणूहून तलासरीपर्यंत एसटी मिळते. मिळत नाही तेव्हा शेअरची इको मिळते. तिच्यात आपली मांडी कुठली आणि शेजारच्याची कुठली, हे उतरल्यावरच कळतं. तलासरीहून उधव्याकडे जायला समोर येईल ते वाहन, आणि पाड्यावरून परत यायला नुसती आशा. बाईंचे गुडघे आशेवर चालणाऱ्यांतले राहिले नव्हते.

"तू हो म्हण," मी म्हटलं. "गाडीचं मी बघतो."

मी बघतो असं मी म्हटलं की बाई माझ्याकडे एक विशिष्ट नजर टाकतात. वर्गात हात वर करणाऱ्या, पण उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघावं तशी. तरी त्या दिवशी त्यांनी माळ्यावरून चार पुडांचा स्टीलचा डबा खाली काढला आणि चिंच लावून घासला. मुख्याध्यापिका म्हणजे मिटिंगा, मिटिंगा म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे मोठा डबा, असा तो हिशोब. तोंडाने त्या हो म्हणाल्या नव्हत्या. पण डबा खाली आला होता.

मी स्वतः रिटायर माणूस. कोसबाडला शेतीच्या एका संस्थेत माझी नोकरी चिकूच्या झाडांखाली गेली. पेटी न उघडता, नुसत्या वासावर, आतला माल उद्या पिकेल की परवा हे मी सांगायचो, आणि कोणी पाहुणे आले की साहेब मला मुद्दाम बोलावून हा खेळ करून दाखवायला लावायचे. नाकाबद्दल मला गर्व होता, हे पुढे घडलं त्यासाठी लक्षात ठेवावं.

गाडी लहान हवी, हे बाईंनी ठरवलं. मी संस्थेत ट्रॅक्टर चालवायचो आणि मोटारही तशीच चालवतो, मागे काहीतरी ओढत आणतोय अशा बेताने. त्यामुळे गाडी जितकी लहान, तितकं डहाणूच्या बाजारात कमी नुकसान. जुनी हवी, हे पासबुकाने ठरवलं. आणि डिझेल हवी, हे ठरवायचं तेवढं माझ्याकडे उरलं, म्हणून मी ते फार जोरात ठरवलं.

शेजारचे रेल्वेतले निवृत्त गृहस्थ कुंपणावर कोपर टेकून म्हणाले की आता डिझेल कोण घेतं, लहान डिझेल गाड्या तर कंपन्यांनी बनवणंच सोडलं. मी म्हटलं, म्हणूनच जपून वापरलेली मिळाली तर घ्यायची. ते म्हणाले, उद्या सरकारने बंद केल्या म्हणजे? मी म्हटलं, सरकार उधव्याच्या पुढे येईपर्यंत बाई रिटायर होतील. रोजची एवढी लांब धाव, वाटेत चढ, आणि बॉर्डरपलीकडच्या पंपावर डिझेल थोडं स्वस्त. आमच्याकडे हा शेवटचा मुद्दा निघाला की वाद संपतो. तेवढ्या स्वस्ताईसाठी माणसं इतक्या लांबून गुजरातच्या पंपावर जातात की वाचलेलं डिझेल जाण्यायेण्यातच जळतं, पण परत येताना चेहरा बघावा.

झाईच्या गाडीची बातमी मला बाजारात कळली. मावशीच्या मुलाने टेम्पो घेतला होता, त्यामुळे तिची लहान गाडी रिकामी झाली होती. शुक्रवारी मी माझ्या ओळखीच्या मिस्तरीला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. मला तेव्हा उन्हाळ्यातली सर्दी झालेली. डोकं जड, डोळ्यांत पाणी आणि नाकाच्या जागी जणू कोणी बूच बसवलेलं. पण सोमवार जवळ येत होता, आणि गाडी काही नाकाने चालवायची नव्हती.

झाई म्हणजे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न ठरलेला: पासिंग कुठलं? गाडी महाराष्ट्र पासिंगची निघाली आणि माझा अर्धा निर्णय तिथेच झाला. मावशीच्या घरामागे बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत होते. जबडा जबड्यात अडकवून जोडीजोडीने लटकवलेले, वाऱ्यावर हलणारे. मला ते दृश्य फार सुरेख वाटलं. ज्याला वास येत नाही त्याला सगळंच सुरेख वाटतं.

मावशी माझ्याच वयाची असेल, पण तिचा आवाज असा की तिला मावशीच म्हणावं लागतं. समुद्रकाठच्या बोलीत अहो-जाहो नाही. तिने पहिल्या वाक्यापासून मला 'तू'वर घेतलं.

"आधीच सांगते, भाऊ," ती म्हणाली. "हिच्यातून मी सुकं म्हावरं नेत होती. वास आहे. नीट बघ, मग मागून नको बोलू."

मी दार उघडलं, डोकं आत घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. तोंडाने, कारण दुसरा मार्ग बंद होता. काही नाही.

"कुठे काय," मी म्हटलं.

मावशीने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "परत बघ."

मी परत बघितलं. आणि मग, काही गरज नसताना, तिला माझ्या नाकाची हकीकत सांगितली. पेटी न उघडता चिकू ओळखतो वगैरे. मावशी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आदर समजलो.

गाडीचे आणखी काही गुण माझे मीच शोधून काढले. मागची सीट अगदी कोरी होती. पुढच्या सीटांची शिवण उसवलेली, पण मागे जणू कोणी कधी बसलंच नव्हतं. खरोखर बसलं नव्हतं. ती सीट इतकी वर्षं मावशीच्या पडवीत होती आणि तिच्या जागेवरून बोंबील फिरत होते, हे मला नंतर कळलं. दुसरा गुण म्हणजे हॉर्न. एवढ्याशा गाडीला मावशीने हायवेवरच्या दुकानातून ट्रकचा हॉर्न बसवून घेतला होता. दाबला की आधी म्हैस हंबरल्यासारखा आवाज यायचा आणि शेवटी तो वर चढून शिट्टी मारायचा. मी तो चारपाच वेळा दाबला. मिस्तरीने बॉनेट उघडून, वाकून, गाडीखाली शिरून, धूर बघून इंजिन पास केलं. तो सगळा वेळ त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. धुळीला जपतो बिचारा, असं मला वाटलं.

मावशीने कागदपत्रांचं काही काढलंच नाही. "घेऊन जा," ती म्हणाली. "दोन दिस चालव. घरवालीला दाखव. तिला चालली तर रविवारी येऊन सांग, नाय तर गाडी परत आणून लाव." मिस्तरी माझी स्कूटर घेऊन गेला आणि मी बोर्डी-घोलवडच्या रस्त्याने, सुरूच्या बनाच्या कडेने, काचा बंद करून, ऐटीत घरी आलो. काचा बंद केल्या कारण सर्दीत वारा लागू नये.

बाई फाटकापर्यंत आल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं. मग बंद केलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्यात काय मेलंय?"

मी म्हटलं, काही नाही, तुला नव्या गाडीची सवय नाही. बाईंनी पदर नाकाला लावला आणि मागचं दार उघडलं, डिकी उघडली, सगळं उघडं टाकून त्या चार पावलं मागे येऊन उभ्या राहिल्या. तोवर शेजारचे रेल्वेवाले कुंपणाशी आले होते. त्यांनी नुसती मान हलवली. आमच्या गल्लीतली मांजरं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ती एका रांगेत येऊन टायरांपाशी बसली. म्हणजे आधी बाईंना कळलं, मग शेजाऱ्यांना, मग मांजरांना. मला अजून नाही.

रात्री जेवताना बाई शांत होत्या. त्या रागावल्या की मला बरं वाटतं, कारण त्यात पुढे काहीतरी बोलणं असतं. "ह्या गाडीतून उतरून मी पहिल्या दिवशी शाळेत जायचं?" त्या म्हणाल्या. "गावात कोणी ओळखत नाही मला. नवीन माणूस वासावरनंच ओळखीचा व्हायचा." मग म्हणाल्या, "जाऊ दे. सोमवारी नाही म्हणून कळवते." आणि ताट उचलून आत गेल्या. थोड्या वेळाने स्टूल सरकवल्याचा आवाज आला. चार पुडांचा डबा माळ्यावर परत चालला होता.

तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या सर्दीची लाज वाटली. माझं नाक बंद पडायला दुसरा कुठलाही आठवडा चालला असता.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. लिंबं कापून सीटखाली ठेवली. कॉफीची पूड वाटीत घालून डॅशबोर्डवर ठेवली. कापूर जाळला, धूप फिरवला, कोळसे फडक्यात बांधून डिकीत टांगले. चिकूच्या वासावर माझी श्रद्धा, म्हणून पिकायला आलेले चिकू पाटीभर मागच्या सीटवर पसरले आणि गाडी उन्हात उभी केली. दुपारी माझी एक नाकपुडी सुटली. एकच. पण तेवढी पुरली. मी दार उघडलं आणि मला कळलं की वास गेलेला नाही. आता तो कॉफी पिऊन, कापूर लावून, चिकू खाऊन बसलेला बोंबील झाला आहे. त्याचा पाहुणचार झाला होता.

मी रागाने मिस्तरीकडे गेलो. तुला वास आला नाही का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, आला ना. मग बोलला का नाहीस? मिस्तरीने पाना खाली ठेवला. "साहेब, मला वाटलं तुम्ही रिटायर होऊन धंदा काढताय. मी घरी सांगितलंसुद्धा, आता सुकट ओळखीत मिळेल."

गाडी रविवारी परत करायची हे नक्की झालं. पण सकाळी मी बाईंना म्हटलं, संध्याकाळपर्यंत गाडी आपली आहे, रस्ता तरी बघून येऊ. शाळा बघ, मग नाही म्हण. न बघता नाही म्हटलंस तर आयुष्यभर ती शाळा कशी होती याचा विचार करत बसशील, आणि जेवताना मला तोंड द्यावं लागेल. बाईंनी आधी वेलदोड्यांची डबी शोधली. मग वेलदोडा तोंडात टाकून, ओढणीसारखा पदर नाकावर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. चारही काचा उघड्या.

गाडी मात्र छान चालली, हे मान्य करायला हवं. हायवेवर ट्रकांच्या मधून तिने मान खाली घालून वाट काढली. तलासरीला हायवे सोडून उधव्याच्या रस्त्याला लागलो तशी ती चढावर दम न टाकता गेली. बाईंनी पदर थोडा खाली केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, आंब्यांखाली खाटा, भाताची रिकामी खाचरं. "गाडी ओढते बरी," असं त्या एकदा म्हणाल्यासुद्धा. मी तेवढ्यावर खूश होऊन वेग वाढवला आणि पाडा आला.

पाड्याच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध एक बकरी बसली होती. मी थांबलो. बकरी उठेना. मी हॉर्न दाबला.

पहिल्या घरातून एक तरणी सून डबा घेऊन बाहेर आली. मला वाटलं, पाण्याला निघाली असेल. तिच्या मागून दोघी टोपल्या घेऊन आल्या. पलीकडच्या आंब्याखालून पोरं धावत सुटली. बकरी अजून बसलेलीच, म्हणून मी पुन्हा हॉर्न दाबला, यावेळी जरा लांबवून. त्यासरशी पाड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत दारं उघडली. बायका पिशव्या, पत्र्याचे डबे, सुपं घेऊन गाडीकडे यायला लागल्या. एक म्हातारी काठी टेकत, डोक्यावर रिकामा मोठा डबा घेऊन, सगळ्यांत मागून पण सगळ्यांना दटावत आली.

"काय केलंत तुम्ही?" बाईंनी मला विचारलं. मला खरोखरच माहीत नव्हतं.

म्हातारीने मागच्या काचेतून आत डोकं घातलं. आत कोरी सीट आणि माझे उरलेले चिकू. तिने डोकं बाहेर काढलं, पुढे आली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी कुठं? बोंबील कुठं?"

तेव्हा उलगडा झाला. मावशी दर मे महिन्यात ही गाडी भरून पाड्यापाड्यावर जायची. पावसाळ्यात ताजी मासळी इकडे कुठून येणार, म्हणून चार महिन्यांची सुकी मासळी बायका तिच्याकडून घेऊन ठेवायच्या. हाक मारत हिंडायला नको, म्हणून तिने तो हॉर्न बसवून घेतला होता. तो वाजला की बोंबील आले. यंदा मुलाच्या टेम्पोच्या गडबडीत तिची फेरी राहिली होती, आणि हा सगळा पाडा रोज रस्त्याकडे कान लावून बसला होता. आणि मी येऊन बकरीसाठी दोनदा वाजवला होता.

मी खिडकीतून सांगायला लागलो की बोंबील नाहीत, मी आपला सहज. पण इतक्या तोंडांवरचा आनंद एकदम उतरताना बघून मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. शेवटी मी चिकू पुढे केले. म्हातारीने एक घेतला, दाबून बघितला आणि परत ठेवला. कच्चा होता.

तेवढ्यात शेजारचं दार वाजलं. बाई उतरल्या होत्या. पदर खांद्यावर, वेलदोडा थुंकलेला. पोरं बॉनेटवर चढत होती, वायपर वाकवत होती. बाईंनी काही ओरडा केला नाही. नुसतं एक बोट वर करून "उंचीप्रमाणे" एवढंच म्हणाल्या. पोरांना ते किती कळलं कोण जाणे, पण पाहता पाहता गाडीपासून आंब्यापर्यंत एक वाकडी रांग उभी राहिली. सगळ्यांत बुटका टायरला टेकून पुढे. मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. नाव काय, कितवीत, तू कितवीत, तू शाळेत का जात नाहीस, तुझी आई कोण? ज्याची आई, ती डबा घेऊन पुढे यायची आणि उत्तर द्यायची. बाईंना त्यांचे काही शब्द कळत नव्हते, त्यांना बाईंचे काही. मग एखादी दुसरीला समजावायची आणि सगळ्या हसायच्या. मी गाडीत बसून होतो. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. बकरीही उठून तिकडेच गेली.

शाळा रस्त्यापलीकडेच होती. पत्र्याचं फाटक, रंग दिलेल्या भिंती, दारासमोर हापशी. मोठे गुरुजी बदलून गेले त्याला बरेच दिवस झाले, असं त्या तरण्या सुनेने सांगितलं. नवीन कोणी येणार म्हणतात, पण येणाऱ्याला इकडचं लांब पडतं.

"तू गुरुजीण आहेस का?" म्हातारीने बाईंना विचारलं. बाई हो म्हणाल्या. "मग तूच येणार का?"

मी स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होतो. बाईंनी शाळेकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं नाही. त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात म्हातारीच पुढे म्हणाली, "तू ये नाय तर नको येऊ. बोंबील धाडून दे." तिने आपला रिकामा डबा बाईंच्या हातात ठेवला. ते बघून बाकीच्यांनीही आपापले डबे पुढे केले, आणि कोणाला किती, कोणाला बोंबील, कोणाला सुकट, हे सगळं बाईंनी जिथल्या तिथे, चेहऱ्यानिशी, पाठ करून टाकलं. हजेरी पाठ असणाऱ्या माणसाला त्यात काही कठीण नसतं.

परत येताना मागची सीट डब्यांनी भरली होती आणि ते प्रत्येक खड्ड्यात खणखणत होते. तलासरी येईपर्यंत बाई कोणाला किती ते बोटांवर मोजत होत्या. मग म्हणाल्या, "सोमवारी हो म्हणून कळवते."

मी श्वास सोडला. दोन्ही नाकपुड्यांतून, एव्हाना सर्दी गेली होती. "आणि गाडी? परत करायची ना?"

"परत करून बोंबील काय एसटीने नेणार? कबूल केलंय मी."

म्हणून आम्ही तसेच झाईला गेलो. मावशी वलांडीवरचे बोंबील उतरवत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, माझ्या सर्दीसकट. ती सांगायची तशी गरज नव्हती. मावशीने बांबूला धरून हसायला सुरुवात केली ती खाली बसेपर्यंत. मग उठून म्हणाली, तरी मला वाटलं, हा वास घेतो की गाडीची पापी घेतो. तिने स्वतः मागची सीट उचलून बाहेर काढली, कारण तिच्याइतक्या सफाईने ते कोणालाच येत नाही, आणि डबे भरायला घेतले. कापूर, कॉफी, लिंबं, माझी शनिवारची सगळी मेहनत त्या बोंबलांखाली गेली. सीट कुठे ठेवू, असं मी विचारलं. पडवीत राहू दे, मावशी म्हणाली, सवय आहे तिला.

त्या आठवड्यात आम्ही बोंबील पोचवले. गाडी नावावर झाली. ऑफिसात होकार गेला. डबा माळ्यावरून पुन्हा खाली आला. यावेळी तो मी उतरवला आणि मीच घासला, न सांगता.

शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. मागची सीट पडवीतून परत आणून मी बसवली होती, तिरकी बसली होती, पण बसली होती. काचा चारही उघड्या. पाड्याच्या तोंडाशी बकरी नव्हती, तरी बाई म्हणाल्या, वाजवा. मी हॉर्न दाबला. दारं उघडली, आणि पोरं दप्तरं घेऊन धावत आली. नवीन माणसासमोर असतो तसला अवघडलेपणा कोणाच्याच तोंडावर नव्हता. बाई उतरल्या, एक बोट वर केलं, रांग झाली, आणि रांग आणि बाई फाटकातून आत गेल्या.

डबा गाडीतच राहिला होता. मी तो हातात घेऊन गाडीपाशी उभा होतो, आत नेऊन द्यावा की हाक मारावी या विचारात. म्हातारी काठी टेकत आली. तिने मागच्या काचेतून आत बघितलं. सीट. तिने माझ्या हातातल्या डब्याकडे मान केली.

"बोंबील?"

"पोळीभाजी आहे, आजी. बाईंची."

तिने शाळेकडे बघितलं. आतून बाईंचा आवाज येत होता. "गुरुजीण बरी आहे," ती म्हणाली. मग तिने मला डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा सावकाश बघून घेतलं.

"पयलं ह्या गाडीतून सगळंच कामाचं उतरायचं."